आत्यावर गेलेली

"आत्यावर गेलीया की ही. हिच्या आत्याला तरी कुटं तोंड हाय?"

होटगीची काकू हे माझ्या आईला सांगत होती, आणि ती आत्या, म्हणजे मी, चुरमुऱ्यांची पाटी घेऊन दाराआड उभी होते. बायका हसल्या. मीही हसले. माझ्यावर कुणी विनोद केला की मी लगेच हसते, कुणी बघत नसलं तरी.

माझ्या भावाच्या मुलीचं बोरन्हाण होतं. भवानी पेठेतल्या त्याच्या घरी, बाहेरच्या खोलीत नवी चादर अंथरली होती. तिच्यावर पाट, पाटावर काळ्या फ्रॉकमध्ये माझी भाची, गळ्यात हलव्याचा हार. बोळातली आणि पाहुण्यांची पोरं तिच्याभोवती गोल करून बसली होती आणि बोरं कधी ओततात याची वाट बघत होती. फोटोसाठी भावानं तिच्या मागून हाक मारली, टाळी वाजवली. सगळी पोरं वळली. ती हलव्याचा दाणा तोडण्यात गुंग होती. त्यावर काकू तसं म्हणाली होती.

भाची दीड वर्षाची होऊन गेली होती आणि अजून एकही शब्द बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही, भूभू नाही. घरात याची कुणाला काळजी नव्हती, कारण घरात मी होते. मी तीन वर्षांची होईपर्यंत बोलले नाही, आणि नंतर इंग्लिश मीडियममध्ये जाऊन पोपटासारखी कविता म्हणायला लागले, अशी आमच्याकडची गोष्ट आहे. लग्नकार्यात मी कुणाशी बोलले नाही की ती कुणीतरी सांगतं. मग मला कुणी बोलायचा आग्रह करत नाही. ती गोष्ट मला सोयीची होती.

ती खरी नाही. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना आईच सहज बोलून गेली होती की मी वर्षाची असतानाच 'पानी पानी' करत तिच्या मागे फिरायचे, फक्त माणसं आली की तोंड मिटायचे. तेव्हाही मी काही बोलले नाही. आईनंही ती गोष्ट पुढं कधी कुणासमोर दुरुस्त केली नाही. बहुतेक तिलाही ती सोयीची असावी.

गेल्या वर्षभरापासून मी एका बालविकास केंद्रात काम करते. माझं काम बघायचं. कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर बसायचं, मुलं खेळत असतात त्यात मध्ये पडायचं नाही, आणि जे दिसलं ते लिहायचं. आमच्या मॅडमचा एकच नियम फार कडक आहे. 'लाजाळू', 'हट्टी', 'शांत' असले शब्द लिहायचे नाहीत. हाक मारली तेव्हा मुलानं काय केलं ते लिहायचं. भाऊ म्हणतो, पोरं खेळतात, ही बघते आणि पगार घेते. मला मात्र ते काम पहिल्या दिवसापासून आवडलं. गप्प बसणं हा जिथं गुण धरला जातो अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

वहिनीनं बोरं ओतली. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चॉकलेटं तिच्या डोक्यावरून चादरीवर घरंगळली आणि पोरं तुटून पडली. भाची खदखदून हसली. एक बोर उचलून तिनं आधी वहिनीला दाखवलं, मग मला. दाखवते, डोळ्याला डोळा देते, बोटानं खुणावते. मनात माझं नोंदी लिहिणं सुरू झालं होतं. घरात मला ते करायचं नसतं, पण ते होतं.

तिला हाक मारली की ती वळत नाही हे मला बरेच महिने दिसत होतं. पण त्या घराच्या भिंतीपलीकडेच लूमचं, यंत्रमागांचं शेड आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत खडखडाट. त्या बोळातलं प्रत्येक मूल त्या आवाजातच झोपतं, आणि कुकरच्या शिट्टीनं दचकणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांना बोळातल्या बायका हसतात. आमची दिवाळीच्या फटाक्यांनीसुद्धा उठत नाही, असं वहिनी कौतुकानं सांगायची. लूममध्ये वाढलेलं लेकरू आहे, आवाजाला सरावलंय. मीही ते मान्य करून टाकलं होतं.

त्या दिवशी दुपारपासून लाइट गेली होती आणि शेड बंद होतं. त्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मी पहिल्यांदाच ऐकली. बोरं गोळा करणं चालू असताना लाइट आली आणि पलीकडचे सगळे माग एकदम सुरू झाले. पाहुण्यांची पोरं दचकली, एक तर रडायलाच लागलं. शेजारच्या घरातलं बाळ, याच भिंतीला लागून जन्मल्यापासून झोपणारं, त्यानंही तोंडातलं बोर तसंच ठेवून भिंतीकडे बघितलं. मग पुन्हा खायला लागलं. सरावलेलं मूल असं करतं.

भाचीनं मान वर केली नाही. ती चादरीच्या घडीत अडकलेलं बोर काढत होती. थोड्या वेळानं तिचा हात जमिनीला टेकला आणि ती थांबली. उठली, झोकांड्या खात भिंतीपाशी गेली, दोन्ही तळहात भिंतीवर ठेवले आणि हसली.

"बघा, आली हिची मैत्रीण," कुणीतरी म्हणालं. तिची ही सवय सगळ्यांना माहीत होती. लूमची लाडकी म्हणायचे तिला.

मी तिचे चिकट हात धुवायचं निमित्त करून तिला स्वयंपाकघरात नेलं. भिंतीपासून लांब, ओट्याखाली बसवलं, आणि तिच्या पाठीमागे शेंगदाण्यांचा डबा हलवला. काही नाही. झाकणावर उलथनं मारलं. काही नाही. पुन्हा मारलं तेव्हा ती वळली, पण समोरच्या चकचकीत पातेल्यात माझा हात हललेला तिला दिसला होता. मी बाजूला सरकले आणि परत मारलं. ती पाटीतले चुरमुरे एकेक करून वेचत राहिली.

"काय करताय, ताई?"

वहिनी दारात होती. हातात हळदीकुंकवाचं ताट.

"खेळवतेय," मी म्हणाले.

केंद्रात आम्ही आईबापांना विचारल्याशिवाय एकाही मुलाची कसली चाचणी घेत नाही. इथं मी माझ्या भाचीला तिच्या आईच्या नकळत, सणाच्या दिवशी, चोरासारखी तपासत होते. उलथनं कुठं ठेवायचं ते मला कळेना.

वहिनी परत गेली नाही. तिनं ताट ओट्यावर ठेवलं, उगाच करंड्याचं झाकण लावलं, काढलं. मग म्हणाली की संक्रांतीला अकलूजला गेली होती तेव्हा तिच्या वडिलांनी पोरीला मोठ्या डॉक्टरला दाखव म्हणून फार धरलं होतं. तिनं त्यांना माझं सांगितलं. नणंद अशीच होती, आता इंग्रजीत लिहायचं काम करते. त्यांनी तो विषय सोडला. घरी यांनाही तेच सांगितलं, अंगणवाडीच्या बाईंनाही तेच.

"तुम्ही खरंच तीन वर्षांच्या झाल्यावर बोलायला लागलात ना, ताई?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, पोरीकडे बघत होती. उलथन्याचा आवाज तिनं दारात उभं राहून किती वेळ ऐकला होता कोण जाणे. मला एवढंच कळलं की कित्येक महिने ही बाई माझ्या गप्प बसण्यावर टेकून उभी आहे, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. लोकांसमोर बोलायला लाजते म्हणून मी एक खोटी गोष्ट चालू दिली, आणि तिच्यामुळे एक मूल दवाखान्यात गेलं नव्हतं.

जे सांगायचं ते सगळं मला इंग्रजीत येत होतं. इंग्रजीत त्याला मऊ शब्द आहेत, वाक्यं आहेत, पानभर लिहिता येतं आणि वाचणाऱ्याला धक्का बसत नाही. मराठीत मला एकच शब्द आठवत होता. बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्याला पोरं ज्या शब्दानं चिडवतात तो. तो वहिनीसमोर तोंडातून काढायचा म्हटलं तर जीभ उचलेना. मॅडमना विचारून सांगते, असं म्हणावं, असं मनात आलं. चार दिवस मिळाले असते. मग चाराचे आठ झाले असते, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत आहे.

बाहेरून काकूचा आवाज आला. आत्या-भाची दोघी मुक्या आत काय करत बसल्यात, वाण कोण वाटणार, असं ती विचारत होती. पुन्हा बायका हसल्या. या वेळी मला हसू आलं नाही. वहिनीलाही नाही.

भाचीनं एक चुरमुरा उचलून माझ्यापुढे धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती नेहमी तोंडाकडेच बघते. मी तो घेतला, खाल्ला, आणि उलथनं खाली ठेवलं.

"वहिनी, मी वर्षाची असतानाच बोलायला लागले होते. ती माझ्यावर गेलेली नाही. तिला ऐकू येत नसावं, असं मला वाटतंय. उद्या सकाळी तिचे कान तपासून आणू, मी येते तुमच्याबरोबर."