आखूड दस्त्याची रायफल

रिसबूडकाकूंच्या पोस्टकार्डावर वर ‘श्री’ नव्हतं, तेव्हाच कळलं. नाना रिसबूड गेले. भुसावळच्या क्वार्टरच्या दारात ते कार्ड धरून मी बराच वेळ उभी राहिले... झाशी सोडून इतकी वर्षं झाली, पण तिथे आपलं कुणीतरी आहे हे मी नानांच्या जिवावर म्हणत असे.

नाना रेल्वेच्या रायफल क्लबची शस्त्रं सांभाळायचे. मी तिथल्याच ऑफिसात नवी टायपिस्ट. उंची चार फूट आठ इंच, आणि तोंड उंचीला न शोभणारं. बायकांचा संघ पहिल्यांदाच निघणार होता, म्हणून हौसेने नाव दिलं. मला क्लबच्या सगळ्या रायफली सारख्याच दिसायच्या, सगळ्या थ्री-नॉट-थ्री, सगळ्यांचा बोल्ट मागेपुढे ओढायचा. नाना मात्र त्यांची ओळख घरच्या लेकीसुनांसारखी करून द्यायचे. जुन्या दोघींना मॅगझिनवर सरकणारी लोखंडी पट्टी होती. ती आत ढकलली की मॅगझिनमधल्या गोळ्या राखीव राहायच्या आणि एकेक गोळी हाताने भरावी लागायची. पुढे लढाईच्या घाईत कारखान्यांनी ती पट्टी गाळूनच टाकली. एकीच्या पुढच्या लाकडाला तार गुंडाळलेली होती, कारण तिच्यातून बॉम्ब उडवायचे. हिने फार सोसलंय, असं म्हणत नाना तिला इतरांपेक्षा सावकाश पुसायचे.

माझं काही केल्या जमेना. नेम चुकायचा, गाल सुजायचा, खांदा काळानिळा व्हायचा. आमचे कप्तान मऊरानीपूरकडचे, भला माणूस, पण एकदा सगळ्यांसमोर आपल्या बुंदेलीत म्हणाले, "जा मोड़ी डरात है." ही पोरगी घाबरते म्हणे! रविवारी संघाची यादी लागायची होती. नाव गळलं असतं तर मी दोन दिवस रडले असते आणि विसरले असते, पण भित्री म्हणून गळणं मला सोसलं नसतं.

त्या संध्याकाळी नानांनी मला थांबवलं. कोपर दुमडायला लावलं आणि रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा लाकडी भाग, कोपराच्या खोबणीत टेकवला. माझं बोट चापापर्यंत पोचेना.

"तू भीत नाहीस गं," नाना म्हणाले. "दस्ता लांब आहे."

पूर्वी चार मापांचे दस्ते यायचे, हे त्यांनीच सांगितलं. नेहमीच्या मापावर खूण नसे, सर्वांत आखूड मापावर ‘बी’ अक्षर ठोकलेलं असे. आपल्याकडे आहे का बघतो, म्हणाले. शनिवारी तो माझ्या रायफलला बसवलेला होता... जुन्या पेटीच्या तळाशी सापडला म्हणे. रविवारी माझे नेम एकामागून एक लागत गेले, आणि कप्तानांनी कानाला हात लावून माझं नाव यादीत घातलं.

मग काय विचारता! तो दुर्मिळ दस्ता मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटले. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनाही मीच हौसेने दाखवला. त्यांनी त्या ‘बी’वरून दोनदा अंगठा फिरवला आणि नानांकडे पाहिलं. "पुरानी चीज़ है, साहब," नाना एवढंच म्हणाले. ते इतके घामाघूम का झालेत, हे मला कळलं नाही. झाशीचा उन्हाळा, दुसरं काय, असं मी धरून चालले.

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला झाशीत सीपरीला, त्यांच्या घरी गेले. पाणी घ्यायला वाकले, तर माठाच्या तिवईच्या एका पायाखाली अक्रोडाच्या लाकडाचा इंचभर जाड तुकडा दिसला. एका बाजूने गोलसर, मधोमध तेलाच्या बाटलीचं भोक... असं भोक मी कितीदा साफ केलं होतं.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. "तुझाच आहे तो," त्या म्हणाल्या. "या ओट्यावर बसून करवतीने कापला, आणि ते अक्षरही इथेच ठोकलं. सरकारी माल! निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी म्हटलं, पेन्शन जाईल हो. तर म्हणाले, पोरगी भित्री ठरेल त्याचं काय?"

मला जे रडू आलं ते मी आवरलं नाही. तपासणीच्या दिवशी मी नानांना किती खोल खड्ड्याच्या काठावर नेऊन उभं केलं होतं! आणि त्यानंतर वीस वर्षं दर दिवाळीला इथे येऊन मी त्याच माठातलं पाणी प्याले. नाना एका अक्षराने बोलले नाहीत.

काकू म्हणाल्या, घेऊन जा, तुझ्याकडे असू दे. मी तुकडा ओढून काढला, तसा माठ एका बाजूला कलला. मी तो पुन्हा होता तिथे सारला आणि माठ नीट बसला का, ते हात लावून पाहिलं.