गेनबाची मिशी

बुधवारातल्या टांकसाळीत घण मारणारा गेनबा मिशीतून चांदी पळवतो, अशी कुजबुज सवाई माधवरावांच्या काळी पेठभर होती. ती उठवणाऱ्या बाईंचे वंशज अजून त्याच बोळात राहतात, म्हणून नाव घेत नाही.

खालच्या ठशावर चांदीची चकती, तिच्यावर वरचा ठसा आणि गेनबाचा एकच घाव, की रुपया तयार. दुसरा घाव बसला तर अक्षरं दुहेरी उठत. गेनबाला तो कधी लागला नाही. पन्नाशी उलटलेल्याकडून घण काढून घ्यायचा, हा तिथला नियम. गेनबा वय चव्वेचाळीस सांगे. गेली आठ वर्षं तेवढंच सांगत होता.

चकत्या वजनात बसवताना कातरत, त्यांचे कण अंगावर उडत. म्हणून सुटताना प्रत्येकाने दाराशी परातीत हात-तोंड धुवायचं. त्या गाळातून चांदी वेगळी काढणं हा खातून झारेकरणीचा धंदा. गेनबा हात चोळून धुवी, तोंडाला मात्र पाणी लावत नसे. पेठेला एवढं पुरलं.

एके दिवशी कारभारी यज्ञेश्वरपंतांनी त्याला दाराशीच अडवलं.

"गेनबा, मिशी धू."

"पंत, हवी तर भादरा. धुवायला सांगू नका."

बाप जिवंत असताना मिशी उतरवायला निघालेला गडी कोणी पाहिला नव्हता.

"म्हणजे पावशेर तरी चांदी असणार," पंत म्हणाले. "आज चोरी सापडली, तर उद्यापासून येऊ नकोस."

खातूनने परात पुढे सरकवली. "भादरलीत तरी केस माझ्याच परातीत येणार, गेनबादादा. बसा."

तो बसला. तिने रिठ्याच्या पाण्याने मिशी खसखसून चोळली. पाणी काळंकुट्ट झालं. ते निवळल्यावर तिने गाळ बोटाने चाचपला.

"चांदीचा कण नाही, पंत. काजळ आहे. माझ्या नणंदेच्या लग्नाला पुरेल."

पंतांनी चिमूटभर तपकीर ओढली. "गेनबा, तुझं वय किती?"

"चव्वेचाळीस."

"आणि मिशीचं?"

गेनबाने हाताने मिशी झाकली. पंतांनी सकाळी पाडलेला एक रुपया उचलला, उजेडात धरला. अक्षरं एकेरी होती.

"घण राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "पण उद्यापासून तोंड धूत जा."

गेनबाने कधी चांदी चोरली नाही. त्याची मिशी पिकली होती आणि तो बावन्न वर्षांचा होता.