सागवानी लाँचची किंमत

सत्तरच्या दशकात मी कोयनेच्या धरणावर कारकून होतो. तिथली जुनी सागवानी मोटारलाँच विकायची ठरली आणि तिची किंमत करायला मुंबईहून एक गृहस्थ आले. काठावरूनच त्यांनी छत्रीच्या टोकाने दोन फळ्या ठोकल्या आणि लाँच कुजल्याचं जाहीर केलं.

शेजारी उभी असलेली म्हातारी म्हणाली, "आवं सायब, ही गेल्यावर आमी पल्याडच्यांनी दवाखान्याला यायचं कशानं?"

"मी फक्त लाकूड बघतो, बाई."

जेवण पलीकडच्या बंगल्यावर होतं. गृहस्थ त्याच लाँचमध्ये ऐसपैस बसले. वाऱ्याने त्यांना छान डुलकीही लागली.

उतरताना मी विचारलं, "मग साहेब, काय लिहू?"

"कुजलेली," ते जांभई देत म्हणाले, "आणि परतीला हीच तयार ठेवा."