ऋताची तुळस

धर्म बदलला की आपली मेलेली माणसंही सोडायची, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

चऱ्होलीच्या पद्माताई चाकणच्या एका कंपनीत, कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. आधी नवरा गेला, दोन वर्षांनी एकुलती लेक ऋता डेंग्यूने गेली. हॉस्पिटलात नातेवाईक डोकावून गेले. शेजारच्या पेशंटची बहीण मार्था मात्र ताईंचा हात धरून रोज प्रार्थना करत बसायची. पुढे ताई तिच्याबरोबर चर्चला जाऊ लागल्या. यंदा त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ऋताने दारात लावलेली तुळस मात्र त्यांनी ठेवली. चर्चमधले एक काका म्हणाले, "ताई, आता हे सोडा." मागच्या रविवारी तर सोसायटीचे सेक्रेटरी कुंडी उचलायलाच आले. "बाटलात ना तुम्ही? मग तुळस कशाला?"

"येशू माझा आहे आणि तुळस माझ्या पोरीची," ताई म्हणाल्या. "काकांनाही हेच सांगितलंय. कुंडीला हात लावून तर बघा."

मी त्या इमारतीत एकाकडे आलो होतो, तिथेच जिन्यात उभा होतो. सेक्रेटरी कुंडी तशीच ठेवून जिना उतरले.

ताई शिफ्टला गेल्या की कुंडी दारात एकटी असते. त्या इमारतीत राहत असाल तर तिच्यावर लक्ष ठेवा, आणि जाता जाता तांब्याभर पाणी घाला.