सूर्यभान टपालवाल्यानं निवडलेले रेडिओ

करंजदऱ्यात कुणाला रेडिओ घ्यायची हुक्की आली, की तो माणूस बायकोला नंतर विचारायचा, आधी सूर्यभान टपालवाल्याला गाठायचा. "सूर्यभान, कधी मोकळा हायेस? नगरला जायाचंय." एवढं म्हटलं, की सूर्यभानाच्या तोंडावर असा काही उजेड पडायचा, जणू रेडिओ त्याच्याच घरी येणार होता.

आता ह्यात टपालवाल्याचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. तर करंजदरा हे गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात. तिन्ही अंगाला कडे आणि तळाला पंचवीस-तीस घरं. ढगसुद्धा वरच्या वर निघून जायचे, तिथं रेडिओचा आवाज खाली कुठून उतरणार? बन्सी पाटलानं गावात पहिला रेडिओ आणला. नगरच्या दुकानात पोपटासारखा बोलत होता, गावात आला आणि नुसता खरखर करायला लागला. पाटलानं त्याला तुळशीपाशी ठेवून बघितला, छपरावर ठेवून बघितला, शेवटी शिव्या घालून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

तो परत करायला पाटलाबरोबर सूर्यभान गेला होता, आणि तिथं त्याला एक युक्ती सुचली. दुकान होतं आप्पासाहेबांचं, कापडबाजारामागच्या बोळात. दुकानाच्या मागं एक खोली होती, जुन्या दगडी भिंतींची, वर पत्रा, खिडकी नावालाही नाही. सूर्यभान म्हणाला, "आप्पासाहेब, मला जरा रेडिओ घिऊन ह्या खोलीत बसू द्या." आत गेला, दार लावून घेतलं, खोक्यावर बसला आणि एकेक रेडिओचा काटा हळूहळू फिरवत राहिला. बहुतेक सगळ्यांनी त्या खोलीत मान टाकली. एक मात्र बारीक का होईना, पण बोलला. सूर्यभान तो घेऊन बाहेर आला. "ह्या खोलीत जो बोलला, त्यो आमच्या दऱ्यात बोलनार." आणि खरोखर बोलला!

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसणार, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसं जीव मुठीत धरून, आणि सूर्यभान आत. तो जे बाहेर घेऊन येईल ते घ्यायचं, भाव करायचा आणि गाडी पकडायची. असे सात रेडिओ त्यानं निवडले. सातातला एकही खोटा निघाला नाही.

आणि त्याच्या स्वतःच्या घरी? शून्य! लोकांच्या रेडिओंची वर्षाची सरकारी लायसनं पाथर्डीच्या पोष्टातून नवी करून आणायची ती ह्यानं, सेल संपले तर सायकलीवरून आणून द्यायचे ते ह्यानं, आणि ऐकायचं मात्र दुसऱ्याच्या ओट्यावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. संध्याकाळी टपाल वाटून झालं, की ज्या घरात रेडिओ चालू असेल त्या घरासमोर ह्याच्या सायकलीची साखळी हमखास पडायची. मग हा खाली बसून ती न पडलेली साखळी अर्धा-अर्धा तास बसवत राहायचा. त्याची बायको लंकाबाई मोठी फटकळ. ती म्हणायची, "साखळी मेली आपल्या दारात कधी पडत न्हाई. लोकांच्याच दारात बरी पडती!"

हसायचा तो. पण आपल्या ओट्यावर, आपल्या घोंगडीवर, आपल्या हातानं काटा फिरवावा, आणि कुणी "आता बंद कर रं" म्हणणारं नसावं, एवढंच त्याला हवं होतं. चाळिशी आली तरी तेवढं त्याला मिळालं नव्हतं.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात आप्पासाहेबांकडं एक नवा रेडिओ आला. लाल कातडी खोळीचा, तीन बँडाचा. सूर्यभान सहज म्हणून तो मागच्या खोलीत घेऊन गेला आणि घटकाभर बाहेरच आला नाही. आप्पासाहेबांनी दार ढकललं, तर हा डोळे मिटून बसलेला. म्हणाला, "आप्पासाहेब, शेजारी बसून बोलावं तसा बोलतोय हो ह्यो. ह्यो मला पायजे. दसऱ्यानंतर नेतो." त्यानं घरचे दोन बोकड विकायला काढले. रात्री झोपेत त्याची बोटं हलायची. लंकाबाई म्हणायची, "फिरवा, फिरवा काटा. माज्या कानाला हात लावू नका म्हंजी झालं."

त्याच सुमाराला रंगुबाई गर्जेला तिच्या लेकाचं पत्र आलं. रंगुबाई एकटी बाई. नवरा भिमाजी केव्हाच गेलेला, आणि एकुलता एक गोरक्ष पलटणीत. पत्त्याच्या जागी नुसता फौजेच्या टपालाचा आकडा, छप्पन ए.पी.ओ., म्हणजे पोरगं नक्की कुठं आहे हे आईलाही ठाऊक नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र आणायचं सूर्यभाननं, वाचायचं सूर्यभाननं आणि उत्तरही त्यानंच लिहायचं. त्यानं वाचलं:

"आई, रेडिओवर रोज सांजच्याला जवानांच्या फर्माइशीची गाणी लागतात. गाण्याआधी जवानाचं नाव पुकारतात. मी पण कार्ड पाठवलंय. कोणत्या दिवशी पुकारतील ते सांगता येत नाही. पाठवलेल्या पैशातून तू रेडिओ घे. सूर्यभानमामांना संगं ने. ते म्हणतील तोच घे."

"परत वाच," रंगुबाई म्हणाली. त्यानं परत वाचलं. मग तिनं पत्र घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "दीड वरीस झालं त्याला बघून. आता नाव तरी कानावर पडंल, व्हय ना रं?"

"पडंल की मावशे. म्होरल्या बाजारीच जाऊ नगरला. मला बी मपला रेडिओ आनायचाच हाय."

दोघं एस.टी.नं गेले. आप्पासाहेबांनी हसून दोन रेडिओ काढून ठेवले. एक तो लाल, दुसरा निळा. "चांगल्यातले हे दोनच उरलेत बघा. दिवाळीचं गिऱ्हाईक. पुढचा माल संक्रांतीच्या आत यायचा नाही." रंगुबाई बाकावर टेकली. सूर्यभाननं दोन हातांत दोन रेडिओ घेतले, आत गेला आणि दार लावून घेतलं.

लाल लावला. स्वच्छ! निळा लावला. पुणं लागलं, बरं लागलं. पण फर्माइशीचा कार्यक्रम जिथं लागायचा, त्या दूरच्या स्टेशनावर काटा नेला, तर नुसती भाकरी भाजल्यासारखी चरचर. त्यानं तीनदा फिरवला. तीनदा चरचर. सूर्यभान खोक्यावर बसून राहिला. मांडीवर लाल रेडिओ, त्याच्या नव्या कातडीचा वास नाकात शिरत होता. संक्रांतीपर्यंत थांबायचं? बोकडांचे पैसे घरात टिकायचे नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लंकाबाईच्या माहेरचा खर्च होता, घराचं गळकं छप्पर होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हात पोचला होता. आणि मनातलं ते दुसरं मन लगेच वकिली करायला लागलं: म्हातारीला काय, पुण्याची भजनं ऐकली तरी पुष्कळ. आणि कुणी सांगावं, दऱ्यात लागेलसुद्धा!

लागणार नव्हतं. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "मावशे, तू निळा घे. हलका हाय, तुला उचलाया बरा."

"तू म्हंशील त्यो," असं म्हणून रंगुबाईनं कनवटीची गाठ सोडली. दुसरा कसा आहे, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या रात्री सूर्यभानाच्या ओट्यावर अर्धं गाव होतं. लाल रेडिओ असा काही वाजला, की बन्सी पाटील म्हणाला, "लेका, आमाला सात निवडून दिलेस, पर लोण्याचा गोळा सोतासाठी ठिवलास की!" सगळे हसले. सूर्यभानही हसला, पण चोराच्या मनात चांदणं.

तिसऱ्या दिवशी रंगुबाई निळा रेडिओ पदराखाली झाकून आली. "बघ रं, दिसा बरा बोलतुय. सांजंला फर्माइशीला मुका हुतुय." त्यानं खोटं खोटं कान लावून काटा फिरवला, सेल काढून घातले. "हवा खराब हाय मावशे." बन्सी पाटील शेजारी होता. तो म्हणाला, "रंगुबाई, सूर्यभानाची परीक्षा चुकलीय बघ औंदा." त्यावर म्हातारी अशी उसळली! "त्याची न्हाई चुकत. मपलं घरच कड्याला चिकटून हाय, त्याला त्यो बिचारा काय करनार? आन् कानबी म्हातारं झाल्यात मपलं."

मग ती रोज दिवेलागणीला त्याच्याच ओट्यावर यायला लागली. येताना आपला निळा रेडिओही आणायची. बंद ठेवलेला, मांडीवर, झोपलेल्या पोरासारखा. एकेका जवानाचं नाव पुकारलं जायचं, आणि प्रत्येक नावाला तिची मान पुढं यायची. आपलं नाही असं कळलं, की पदर सावरून म्हणायची, "असू दे. त्याची आई बी बसली आसंल कुठंतरी." आणि सूर्यभानाला एकही गाणं धड ऐकू यायचं नाही. ज्या सुखासाठी जन्मभर जीव टाकला, ते हातात आलं आणि बेचव झालं. असे तीन आठवडे गेले. म्हातारी समोर नसली तर किती बरं होईल, असं त्याला वाटायला लागलं.

कार्तिकात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. सांजंला सगळा गाव कीर्तनाला. रंगुबाई मात्र नेहमीप्रमाणं ह्याच्या घराकडं निघालेली. सूर्यभाननं तिला वाटेतच गाठलं. "मावशे, आज नगं येऊ. सेल उतरल्यात. उद्या आनतो."

"बरं," म्हणाली आणि मागं फिरली. सेल नवे कोरे होते.

सूर्यभान घरी आला. लंकाबाई कीर्तनाला गेलेली, ओटा रिकामा, घोंगडी अंथरलेली. कुणी बघणारं नाही, कुणी मांडीवर रेडिओ घेऊन बसलेलं नाही. त्यानं पाय पसरले आणि काटा फिरवला. अगदी जसं त्यानं मनात आणलं होतं तसं. पहिलं गाणं झालं. मग निवेदक म्हणाला, "यह अगला गीत सुनना चाहते हैं नायक श्रीमंत सिंह, सिपाही गोरक्ष गर्जे, और उनके सभी साथी…"

सूर्यभान उठला तो पळतच सुटला. रेडिओ उचलायचं भान नाही, पायात वहाण नाही. "मावशे! मावशे, चल! गोरक्ष! गोरक्षाचं नाव!" रंगुबाई चुलीपासून उठली आणि धावली. पण पंचावन्न वर्षांचे गुडघे आणि मध्ये उताराची दगडी वाट. दोघं ओट्यापाशी पोचले, तेव्हा रेडिओत दुसऱ्याच कुणाची नावं चालली होती.

ती ओट्याला धरून धापा टाकत होती. मग म्हणाली, "कसं म्हनला त्यो? तसंच म्हन."

"सिपाही गोरक्ष गर्जे."

"आनिक एकदा."

त्यानं पुन्हा म्हटलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. पाच वेळा म्हणवून घेतलं तिनं. मग विचारलं, "आन् गानं कंचं मागितलं हुतं रं त्यानं?"

सूर्यभानाला माहीत नव्हतं. नाव ऐकलं आणि तो धावत सुटला होता. गाणं रिकाम्या ओट्यावर वाजून गेलं होतं. गावातला झाडून सगळा माणूस कीर्तनात होता. विचारायचं कुणाला?

तेव्हा तो खाली बसला आणि सगळं ओकला. मागची खोली, तीनदा झालेली चरचर, हवा खराब असल्याची थाप, आणि आजच्या सेलांचं खोटं. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "मपलं लेकरू तुज्या ओट्यापतूर आलं हुतं, सूर्यभान. मला न भेटताच गेलं ते." एवढंच. आणि तीच वाट हळूहळू चढत निघून गेली.

सकाळी सूर्यभाननं लाल रेडिओ तिच्या घरात नेऊन ठेवला. तिनं नको म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. ती रोज ऐकत राहिली, पण गोरक्षाचं नाव पुन्हा लागलं नाही. मग मार्गशीर्षात लढाई पेटली आणि फर्माइशीच्या जागी बातम्याच बातम्या सुरू झाल्या. अख्खा गाव तिच्या दारात बसायचा. सूर्यभान वाटेवर उभा राहून ऐकायचा. पाथर्डीहून येताना थैली उघडायला त्याचे हात धजत नसत. एखादी तार तर नाही ना तिच्या नावाची! त्या दिवसांत त्यानं रेडिओचं नाव काढलं नाही. कुणी "नगरला येतोस का" म्हटलं, तर म्हणायचा, "माजा कान गेला आता."

संक्रांतीच्या आगेमागे छप्पन ए.पी.ओ.चं पत्र आलं. अक्षर गोरक्षाचंच होतं. सूर्यभान सायकल फेकून धावतच रंगुबाईच्या घरात गेला. पोरगं धडधाकट होतं. रंगुबाईनं पत्र कपाळाला लावलं, मग बऱ्याच दिवसांनी सूर्यभानाला "बस" म्हणाली. तो वाचायला लागला. खुशाली झाली, सुट्टीचं झालं. शेवटी लिहिलं होतं: "आई, माझं नाव लागलं असं इथं सगळे सांगत होते. मी पहाऱ्यावर होतो, मला ऐकायला मिळालं नाही. तू ऐकलंस का? गाणं तुझ्यासाठीच निवडलं होतं. आवडलं का?"

इथं सूर्यभाननं पत्र खाली ठेवलं. रंगुबाईनं कोनाड्यातलं कोरं अंतर्देशीय काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"लिव्ह. ऐकलं म्हनावं. समदं ऐकलं."

त्यानं लिहिलं.

"गानं लई ग्वाड हुतं म्हनावं. रडू आलं."

त्यानं लिहिलं. अक्षर दिसेना, तरी लिहिलं.

"आन् लिव्ह," ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "सूर्यभानमामानं रेडिओ चांगला निवडून दिला."

सूर्यभानाचा हात थांबला. "मावशे, एवढं नगं."

"लिव्ह," रंगुबाई म्हणाली. "परमुलखात हाय त्यो. गावात त्याच्या आईचं कुनीतरी हाय, असं वाटू दे त्याला."