बसंतीबाईची सही

...तर काल आपण कुठवर आल्तो? हां, पोलिसांची जीप वडीगोद्रीत बसंतीबाईच्या किराणा दुकानापुढं थांबली. नवरा गेल्यापासून तराजू तिच्याच हाती. वजनावर कुणी कधी शंका घेतली न्हाई.

विहिरीवरची मोटार चोरल्याचं मजूर राजानंदनं ठाण्यात कबूल केल्तं. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत न्हाई. म्हणून मोटार त्यानंच लपवल्या जागेवरून काढून दिली, असा पंचनामा फौजदार आधीच लिहून आल्ता.

"मावशी, गाव तुमच्यावर विश्वास ठेवतं. पंच म्हणून सही करा, जल्दी."

जीपमधल्या राजानंदचे सुजलेले हात बघून बाई काय कडाडली!

"न तोलता मी गूळबी देत न्हाई, साहेब. मोटार निघताना मी पाह्यली न्हाई. गाव विश्वास ठेवतं ना, म्हणूनच सही मिळणार न्हाई!"