गाळ आमचा, पाणी त्यांचं

सोनारगल्लीतलं गटार मी हातानं उपसलेलं आहे. आम्हाला झारेकरी म्हणतात. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, गटारातला गाळ विकत घ्यायचा, परातीत धुवायचा आणि त्यातला सोन्याचा कण पाऱ्यानं धरायचा, हा आमचा धंदा. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. एक झाडू आणि एक परात यांवर मी सोलापुरात उभा राहिलो, तेही सोनारांशी भांडून, कधी त्यांच्या उंबऱ्यावर परात आपटून. माझा राग गल्लीला ठाऊक होता, तसा माझा शब्दही ठाऊक होता. रागाची आठवण लोक अजून काढतात. शब्दाची काढत नाहीत, म्हणून हे लिहितो.

सोन्याचा भाव एकाएकी चढला त्या सालची गोष्ट. लोक सोन्याचे डाग मोडायला येत होते, भट्ट्या दिवसभर पेटलेल्या असत. पावसाळ्यात गल्ली धुऊन निघाली की ते पाणी गावाबाहेरच्या ओढ्याला मिळायचं आणि वळणावरच्या डोहात थांबायचं. सोनं जड, ते तळाशीच बसणार. मी मोटेच्या तोंडाला लोखंडी पट्टी ठोकून घेतली. दोराला बैल जुंपले की मोट डोहाचा तळ खरवडत वर येई. लोक आधी हसले, मग बघायला जमले. पारा आणि तेजाब हाताळायला अक्कलकोटकडचा एक सोनार भागीदार घेतला.

डोहाला खालून झरा होता. उन्हाळाभर तिथं धनगरांचा तळ असे, दुसरं पाणी त्यांच्या मेंढरांना जवळपास नव्हतं. त्यांचा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून आमची मोट बघत राहिला.

"काय काडताय?"

"गाळ काढतोय, बाबा. तुमचा डोह खोल होईल. उलट तुम्हीच आम्हाला काहीतरी द्यायला पाहिजे."

"लई हुशार हाय की!" तो हसला. "गाळ तुमचा, पाणी आमचं. पाण्यात तुमचं औशीद पडता कामा न्हाय. उचला भंडारा."

पाऱ्याचा मळ गाडीत भरून दूर माळावर टाकायचा, असं ठरलं. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन मी शपथ वाहिली. भागीदाराची पाळी आली तसा तो मागं सरकला.

"बेडप्पा, नको, मला सुतक हाय. मैंदर्गीचा चुलता वारला." सुतकातल्या माणसानं भंडाऱ्याला शिवायचं नसतं. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. एकानं उचलला, दोघांचा झाला." मीही मान हलवली.

मी गल्लीतली राख गोळा करायचो, तो डोहावर धुवायचा. एका सकाळी गेलो तर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मेंढरं काठापर्यंत येत, वास घेत आणि परत फिरत. दोन कोकरं आडवी पडली होती. झुडपामागं बघितलं तर धुण्याच्या खड्ड्यापासून डोहापर्यंत सरळ चारी खणलेली. गाडी, बैल, माळावरची खेप, सगळं वाचवलं होतं माझ्या भागीदारानं.

मी त्याची बंडी धरली. तो शांत होता.

"गाळ आपला, पाणी त्यांचं. बरोबर? मग मी आपलाच गाळ आपल्या जागी परत ठेवला. पाण्याला कुठं हात लावला?"

"आणि शपथ?"

"ती तुमची की, शेठ. मला सुतक होतं."

तसाच मैंदर्गीला गेलो. त्याच्या घरी कोणी वडीलधारं माणूस असेल, त्याच्यापुढं याला उभा करीन असं डोक्यात होतं. ओसरीवर एक गृहस्थ भाकरी कुस्करत बसले होते. मी कोणाचा भागीदार ते सांगितलं, चुलता गेल्याचं ऐकून वाईट वाटलं असंही म्हणालो.

"त्याला चुलता एकच. मीच तो," ते म्हणाले. "मी मेलो व्हय? मग ही भाकरी कोण खातंय?" आतल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. भंडाऱ्याच्या वेळी भागीदार माझ्याबरोबर डोहाच्या काठाला उभा राहिला, त्याच दिवशी त्यानं चारी मनात खणलेली होती.

परत आलो तोवर भागीदारानं पारा, पराती, धुतलेलं सोनं सगळं उचलून गाव सोडलं होतं. धनगर घोड्यांवर बिऱ्हाड चढवत होते. मी म्हाताऱ्याला खूप सांगितलं. चारी बुजवतो म्हणालो, तळ पुन्हा खरवडून देतो म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं.

"भंडारा कुणी उचलला?" त्यानं एवढंच विचारलं आणि बार्शीच्या वाटेनं कळप हाकला.

मी खरोखरच चारी बुजवली. भाड्याचे बैल लावून तळ उपसला आणि तो गाळ माळावर नेऊन टाकला. पाऊस झाला, डोह भरला, पाणी नितळ दिसू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात तेच धनगर त्या रस्त्यानं निघाले. मेंढरं सवयीनं डोहाकडं धावली आणि माणसं ओरडत आडवी आली. मी काठावरच होतो.

"बाबा, पाणी आता चांगलं आहे. बघा तरी."

"पिऊन दावा की," म्हातारा म्हणाला.

मी वाकून ओंजळ भरली. बाजारात मी कधी मागं हटलेलो नाही. पण पारा किती बारीक होऊन चिखलात राहतो, हे त्या काठावर माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ओंजळ तोंडापाशी धरून मी उभा राहिलो. बोटांच्या फटींतून पाणी गळत गेलं. म्हाताऱ्यानं ते सगळं गळेपर्यंत वाट पाहिली, मग काठी आडवी धरून कळप वरच्या अंगाला वळवला.